जुमुनजिनच्या बसथांब्यासाठी एक अख्खा दिवस: खासगी गाडी आणि मार्गदर्शक घ्यावा का?

नवी_पेठ

नमस्कार मंडळी. येत्या एप्रिलमध्ये मी, माझे यजमान आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची मुलगी असे तिघे सहा दिवसांसाठी दक्षिण कोरियाला जात आहोत. मुलगी आठवीपासून बीटीएस या कोरियन गायकगटाची गाणी ऐकते. त्यांच्यापायी ती कोरियन लिपी स्वतःची स्वतः शिकली, आणि या प्रवासाच्या खर्चातील काही रक्कम तिने शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवली आहे. पाच दिवस कुठे जायचे हे तिने आमच्यावर सोपवले आहे. एक दिवस मात्र तिला स्वतःसाठी हवा आहे, आणि तो पूर्व किनाऱ्यावरील गांगनुंग शहराजवळ जुमुनजिन येथे घालवायचा आहे. २०१७ सालच्या ‘यू नेव्हर वॉक अलोन’ या अल्बमच्या छायाचित्रांत समुद्राकडे पाठ करून उभा असलेला जो बसथांबा दिसतो, तो तिथे आहे.

एका प्रवाससंस्थेने केवळ आम्हा तिघांसाठी गाडी, चालक आणि इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक असा बेत सुचवला आहे. सेऊलहून सकाळी सातला निघायचे, आधी थांबा, मग समचोकचा मेंगबांग किनारा, आणि परतताना ‘स्प्रिंग डे’ या गाण्याच्या चित्रफितीतील इर्योंग रेल्वे स्थानक. सांगितलेली रक्कम आमच्या हॉटेलच्या दोन रात्रींच्या भाड्याहून अधिक आहे. यजमानांचे म्हणणे असे की, एका थांब्यासाठी एवढा खर्च कशाला, आगगाडीने जाऊन येऊ. मला दोघांचेही पटते, म्हणून विचारते आहे. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुळे_सोलापूर

ताई, मी गेल्या वर्षी भाचीला घेऊन त्या थांब्यापाशी गेलो होतो, त्यामुळे अनुभवाने लिहितो. आम्ही पैसे वाचवण्यासाठी खासगी गाडी न घेता चाळीस प्रवाशांच्या बसमधून गेलो. थांब्यासाठी आमच्या वाट्याला वीस मिनिटे आली. तिथे छायाचित्रासाठी रांग असते आणि लोक ती शांतपणे पाळतात, पण आमच्या पुढे आमच्याच बसमधले तीस जण उभे होते. भाचीचा नंबर आला तेव्हा बसचा भोंगा वाजू लागला होता. तिने बाकावर बसून एक छायाचित्र काढून घेतले आणि आम्ही पळत सुटलो. परतीच्या तीन तासांत ती एक शब्दही बोलली नाही, आणि ज्या कारणासाठी तिला एवढ्या लांब नेले ते कारणच आपण हातचे घालवले, हे मला तेव्हा उमगले.

म्हणून माझे मत खासगी गाडीच्या बाजूने आहे. त्यात आपण गाडीचे किंवा मार्गदर्शकाचे पैसे देत नसून वेळ आपल्या हातात राहण्याचे पैसे देत असतो. मुलीला त्या बाकावर अर्धा तास नुसते बसायचे असेल, मागचा समुद्र ऐकायचा असेल, तर ते तिला करता आले पाहिजे.

चाटी_गल्ली

माझे मत वेगळे आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी मांडत नाही. मी वाचले त्याप्रमाणे तो थांबा चित्रीकरणापुरता उभारलेला होता आणि काम झाल्यावर काढून टाकला गेला. आज तिथे जो आहे तो नगर प्रशासनाने पर्यटकांसाठी पुन्हा बांधलेला आहे. म्हणजे ज्या बाकावर ती मंडळी बसली तो बाकही हा नव्हे. मी चादरींच्या व्यवसायात आहे. यंत्रमागावरची अस्सल सोलापुरी चादर आणि तिची नक्कल यांतला फरक गिऱ्हाइकाला समजावण्यात माझा निम्मा दिवस जातो. त्यामुळे नकलेसाठी सहा तासांचा प्रवास हा विचार मला पटत नाही. त्यापेक्षा सेऊलमधील ग्योंगबोकगुंग राजवाडा पाहावा. २०२० साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी या गटाने तिथल्या सिंहासन-मंडपासमोर आणि तळ्यातील मंडपात गाणी सादर केली होती. तो राजवाडा खराच आहे आणि मेट्रोने दारापर्यंत जाता येते.

होटगी_रोड

चाटी_गल्ली दादा, तुमची माहिती बरोबर आहे. थांबा २०१८ साली पुन्हा उभारला गेला. पण चादरीचे उदाहरण इथे लागू पडते असे मला वाटत नाही. त्या छायाचित्रात थांबा हा मुळातच उभा केलेला देखावा होता, तिथून कधी बस सुटतच नव्हती. खरे होते ते ह्यांगहो किनाऱ्याची वाळू, मागचा समुद्र आणि वारा, आणि ते तिन्ही जागच्या जागी आहेत.

शिवाय त्या अल्बममधल्या गाण्याचा अर्थ लक्षात घेतला तर तिथे जाण्याचे कारण अधिक समजते. ‘स्प्रिंग डे’ फेब्रुवारी २०१७ मध्ये आले. दुरावलेल्या मित्राची वाट पाहणाऱ्याचे ते गाणे आहे. हिवाळा सरेल, वसंत येईल आणि आपण भेटू, असे ते म्हणते. १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल नावाचे प्रवासी जहाज बुडून ३०४ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुले सर्वाधिक होती. अनेक श्रोते हे गाणे त्या मुलांच्या आठवणीशी जोडतात. ताई, तुम्ही एप्रिलमध्येच जात आहात. त्या सुमारास तिथे कुणाच्या छातीवर किंवा दप्तरावर पिवळी फीत दिसली तर ती त्या मुलांसाठी असते, एवढे मुलीला सांगून ठेवा. कदाचित तिला ते आधीच ठाऊक असेल.

रेल्वे_लाईन्स

मी मध्य रेल्वेतून निवृत्त झालो. या गटाचे संगीत माझ्या नातवामुळे ऐकले, पण स्थानकाचा विषय निघाल्यामुळे राहवत नाही.

ताई, तुम्हाला सांगितलेला बेत नकाशावर मांडून पाहा. जुमुनजिन सेऊलच्या पूर्वेला, समुद्रकाठी आहे. मेंगबांग तिथून आणखी दक्षिणेला, गांगनुंगच्याही पलीकडे आहे. आणि इर्योंग सेऊलच्या वायव्येला यांगजू शहराच्या हद्दीत आहे. ‘परतताना’ म्हणून जे स्थानक दाखवले आहे ते वाटेत नाहीच. सेऊल ओलांडून पलीकडे जावे लागेल, तेही संध्याकाळच्या गर्दीत. पंढरपूरहून सोलापूरला परतताना वाटेत अक्कलकोट करू, असे कुणी म्हणावे तसा हा प्रकार आहे. तीन नावे दिसली की रक्कम रास्त वाटते, पण दिवसातील दहा-अकरा तास गाडीत जातात.

इर्योंगसाठी गाडी करण्याची गरजही आता उरलेली नाही. ते स्थानक ग्योओए नावाच्या मार्गावर आहे. २००४ साली त्या मार्गावरची प्रवासी वाहतूक बंद झाली होती, त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी ते निर्मनुष्य स्थानक होते. जानेवारी २०२५ पासून तिथे पुन्हा प्रवासी गाड्या धावू लागल्या आहेत. सेऊल मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाने देगोक स्थानक गाठायचे आणि तिथून ही गाडी पकडायची. गाड्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. बंद पडलेल्या स्थानकावर पुन्हा गाडीनेच उतरायचे, यात जो आनंद आहे तो मोटारीने जाऊन मिळणार नाही.

एक कळकळीची विनंती. त्या चित्रफितीत गटातील एक जण बर्फातल्या रुळांवर कान टेकतो. तेव्हा तिथून गाडी जात नव्हती, आता जाते. मुलीने रुळांवर उतरू नये आणि इतर कुणी उतरताना दिसल्यास त्यांनाही थांबवावे. पस्तीस वर्षे रुळांशेजारी नोकरी केलेल्या माणसाचे हे सांगणे आहे.

नवी_पेठ

काका, मनापासून आभार. नकाशा आम्ही पाहिलाच नव्हता. मुलीला दाखवल्यावर ती म्हणाली की तिला शंका आली होती, पण आई-बाबांनी एवढे कबूल केले असताना आणखी खुसपट काढायला नको म्हणून ती गप्प बसली. तो बेत मागे घेत आहोत. रुळांबाबत तिने तुम्हाला शब्द दिला आहे.

पार्क_चौक

आगगाडीचा पर्याय कुणी नीट मांडलेला नाही, म्हणून लिहितो. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने सेऊल ते गांगनुंग हा द्रुतगती रेल्वेमार्ग २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. प्रवास दोन तासांच्या आसपासचा आहे. गांगनुंग स्थानकापासून थांबा सुमारे वीस किलोमीटर उत्तरेला आहे. शहर बसने वेळ लागतो, टॅक्सी सोयीची. कोरियात पायी किंवा गाडीने जाण्याचा मार्ग गुगलचा नकाशा धड दाखवत नाही, त्यासाठी नेव्हर किंवा काकाओ यांचे नकाशे फोनवर घ्यावे लागतात. मुलीला लिपी वाचता येते म्हणजे तुमचे निम्मे काम झाले. मी आणि माझा मित्र असेच गेलो होतो आणि आम्हाला मार्गदर्शकाची उणीव भासली नाही.

जुळे_सोलापूर

पार्क_चौक, तुम्ही दोघे तरुण मित्र होतात. एका बाजूला आई-वडील, दुसऱ्या बाजूला टॅक्सी शोधणारी, पत्ता सांगणारी आणि दुभाषाचे काम करणारी मुलगी, असे झाले तर तो दिवस तिचा कसा राहील? मार्गदर्शक हवा तो यासाठी.

पार्क_चौक

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य करतो.

करमाळ्याकडचा

मी मूळचा करमाळा तालुक्यातला, सध्या सोलापुरात राहतो. विषय कोरियाचा असला तरी मला आमच्याकडचे सांगावेसे वाटते, कारण चित्रीकरण झालेल्या गावात राहणे म्हणजे काय हे आम्ही पाहिले आहे.

२०१६ साली ‘सैराट’ आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्याच तालुक्यातील जेऊरचे, आणि चित्रपटाचा बराच भाग आमच्याच परिसरात चित्रित झाला. त्यातल्या अजय-अतुलच्या गाण्यांनी महाराष्ट्र वेडा केला, आणि त्या उन्हाळ्यात गाड्या भरभरून माणसे आमच्याकडे येऊ लागली. विहीर कुठली, झाड कुठले, विचारत फिरू लागली. आम्हाला आधी फार अभिमान वाटला. ज्या रस्त्याने एसटी वेळेवर येत नव्हती त्या रस्त्याने पुण्या-मुंबईची माणसे येत होती. मग हळूहळू दुसरी बाजू दिसली. पाहुणे बांधावरून न जाता पिकातून जाऊ लागले, विहिरीच्या काठावर पाण्याच्या बाटल्या पडू लागल्या, आणि घरच्या बायका धुणे धूत असताना समोर फोन धरले जाऊ लागले. माझ्या चुलत्यांनी शेवटी बांधावर काटेरी कुंपण घातले.

त्याच काळात एक निवृत्त शिक्षक काही कुटुंबांना घेऊन येत असत. ते आधी शेतमालकाला विचारत, चहाच्या टपरीवर सगळ्यांना थांबवत, कमलाभवानीचे मंदिर दाखवत, त्या देवस्थानाच्या ९६ पायऱ्यांच्या विहिरीची माहिती देत, आणि मग म्हणत, आता चित्रपटातली जागा पाहू. त्यांच्याबरोबर आलेल्या लोकांना माझ्या चुलत्यांनी स्वतः शेंगा भाजून दिल्याचे मला आठवते. जागा तीच, पाहुणेही चित्रपटाचेच वेडे, पण मध्ये एक ओळखीचा माणूस होता.

त्यामुळे ताई, मार्गदर्शक घ्यावा असे मी म्हणेन, पण तो गांगनुंगकडचा घ्यावा. सेऊलहून तीन तास इंग्रजीत बोलत येणारा माणूस आणि त्या किनाऱ्यावरच्या मासेमारांना नावाने ओळखणारा माणूस यांत मोठे अंतर आहे. आगगाडीने गांगनुंगला जा आणि तिथून पुढे स्थानिक गाडी व मार्गदर्शक घ्या. सहा तासांच्या मोटारभाड्याचे पैसेही वाचतील.

होटगी_रोड

हे फार महत्त्वाचे लिहिलेत. सेऊलमधील बुकचोन या जुन्या घरांच्या वस्तीत हीच तक्रार इतकी वाढली की संध्याकाळी पाचपासून सकाळी दहापर्यंत पर्यटकांना तिथल्या ठरावीक गल्ल्यांत फिरण्यास आता मनाई आहे आणि मोडल्यास एक लाख वॉन दंड आहे. तिथे माणसे राहतात, सकाळी कामावर जातात, हे पाहुण्यांच्या लक्षातच येत नव्हते.

मेंगबांगबद्दलही थोडे सांगतो, कारण ते नाव बेतातून गळले तरी मुलीला माहीत असावे. या गटाच्या २०२१ च्या ‘बटर’ या गाण्यासाठीची छायाचित्रे त्या किनाऱ्यावर काढली गेली. तिथे कोळशावरील नवीन वीजप्रकल्पासाठी बंदर बांधण्याचे काम निघाले आणि वाळू वाहून जाऊ लागली, तेव्हा किनारा वाचवण्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत या संगीताचे चाहते पुढे होते. फताटेवाडीच्या १,३२० मेगावॉटच्या वीजकेंद्राच्या चिमण्या रोज पाहणाऱ्या आम्हा होटगीकडच्या लोकांना, गाण्याच्या प्रेमातून कुणी कोळशाच्या प्रश्नापर्यंत पोहोचते, याचे फार कौतुक वाटले.

सात_रस्ता

करमाळ्याकडचे यांची सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. प्रवाससंस्थेत काम केल्यामुळे ठरवण्यापूर्वी काय विचारावे ते सांगते. कोरियात परदेशी पर्यटकांना माहिती देणाऱ्या मार्गदर्शकासाठी सरकारी परीक्षा आणि परवाना असतो, त्याची प्रत आधी मागवावी. ‘चालक-मार्गदर्शक’ असा शब्द वापरला असेल तर नीट चौकशी करावी. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला असा माणूस मिळाला की तो गाडी उत्तम चालवत होता, पण थांब्यापाशी पोहोचल्यावर गाडीतच बसून राहिला आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने फोनवरील भाषांतर दाखवले. रक्कम माणशी आहे की गाडीची, इंधन आणि पथकर त्यात धरला आहे का, ठरलेल्या तासांहून उशीर झाल्यास किती द्यावे लागतील, आणि वादळी पाऊस असल्यास तारीख बदलता येईल का, हे चारही मुद्दे लेखी घ्यावेत. बक्षिसी देण्याची तिथे प्रथा नाही.

आणखी एक. थांबा पूर्व किनाऱ्यावर आहे आणि समुद्र त्याच्या मागे येतो. सकाळी सूर्य समुद्राच्या बाजूने असल्याने छायाचित्रात चेहरे काळे पडतात. दुपारनंतर ऊन समोरून येते. मुलीला सकाळचा उजेडच हवा असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर घाईने सातला निघण्याचे कारण नाही.

कडक_भाकरी

जेवणाचा विषय कुणीच काढला नाही! ताई, तुम्ही शाकाहारी आहात का? आम्ही आहोत, आणि तिथे पहिल्या दोन दिवसांत आमची फार ओढाताण झाली. भाजीच्या रश्शातही वाळलेल्या माशांचा अर्क असतो, आणि किमचीत बहुधा आंबवलेले मासे किंवा कोळंबी घातलेली असते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासे, कोळंबी, माशांचा सॉस, अंडे, एकेक नाव घेऊन सांगावे लागते. मार्गदर्शकाचा खरा उपयोग आम्हाला तिथे झाला.

गांगनुंगमध्ये मात्र एक चांगली सोय आहे. चोदांग नावाच्या भागात समुद्राच्या पाण्याने सोयाबीनचे दूध फाडून मऊ टोफू करतात आणि तो नुसताच, मसाला न घालता वाढतात. बरोबरचे रस्से आणि वाट्या विचारून घ्याव्यात. आमच्या सासूबाई तिथे प्रथमच पोटभर जेवल्या, आपल्या पिशवीतील शेंगाचटणी त्यावर घालून. ज्वारीच्या कडक भाकऱ्या बरोबर असतील तर दिवसभराची काळजी मिटते. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ त्या देशात नेता येत नाहीत, त्यामुळे आंबे मात्र घरी ठेवावेत.

माहेर_बार्शी

मी सगळे प्रतिसाद वाचले. मुळात या प्रवासाची तुलना वारीशी करावीशी वाटते. ज्याच्यावर जीव जडला आहे त्याच्या पाऊलखुणांच्या ठिकाणी जावेसे वाटणे, तिथे रांगेत उभे राहणे, क्षणभर टेकणे, हे आपल्याला नवीन नाही. मुलीला समजून घ्यायला आपल्या जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण नाही.

इसबावी

पंढरपुरात राहत असल्याने मला ही तुलना जड जाते. वारीला जाणारा मनुष्य मागण्यासाठी किंवा पाहण्यासाठी निघत नाही. कित्येक जण कळसाचे दर्शन घेऊन परततात. कलाकारावरचे प्रेम मोठे असू शकते, पण त्याला त्याचेच नाव द्यावे.

माहेर_बार्शी

आपले म्हणणे आदराने स्वीकारते. माझा रोख देवत्वावर नव्हता, ओढीवर होता.

चाटी_गल्ली

मी पुन्हा लिहितो आहे. काल रात्री नातीला विचारून ती छायाचित्रे पाहिली आणि गाणेही ऐकले, तिने ओळी समजावून सांगितल्या. थांबा पुन्हा बांधलेला आहे हे खरेच, पण होटगी_रोड यांनी गाण्याबद्दल लिहिले ते आता मला कळते. खर्चाबाबत माझे मत कायम आहे. सेऊलहून अख्ख्या दिवसाची गाडी करू नये. गांगनुंगपासून पुढची गाडी आणि माणूस घेण्यास माझी हरकत नाही.

नवी_पेठ

सर्वांचे आभार. आमचे असे ठरले आहे: सकाळच्या गाडीने गांगनुंग, दुपारचे जेवण चोदांगला, तिथून परवानाधारक स्थानिक मार्गदर्शकाची गाडी पाच तासांसाठी, आणि फक्त जुमुनजिन. मेंगबांग वगळले. इर्योंगला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आपले आपण रेल्वेने जाऊ. सात_रस्ता ताईंनी सांगितलेले चारही मुद्दे लेखी मागवले असून तीन मुद्द्यांचे उत्तर आले आहे, पावसाबद्दलचे यायचे आहे. एकूण खर्च आधीच्या निम्म्याहून थोडा कमी होतो, आणि यजमानांनी स्वतःहून सांगितले की थांब्यापाशी आपण दोघे बाजूला वाळूत बसू, तिला हवा तेवढा वेळ देऊ.

आता मुलीला लिहायचे आहे.

सर्वांना नमस्कार. आजोबा, मी रुळांवर उतरणार नाही. करमाळ्याकडचे काका, मार्गदर्शकांना पहिला प्रश्न मी हाच विचारला आहे की त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांना आम्ही आल्याचा त्रास होतो का आणि आम्ही काय टाळावे. त्यांनी लिहिले की छायाचित्र झाल्यावर बाक लगेच रिकामा करावा, आणि बंदरावरच्या बाजारात वाळत घातलेल्या माशांना हात लावू नये. कडक_भाकरी काकू, सहा दिवसांसाठी तिघांना किती भाकऱ्या पुरतील, आणि शेंगाचटणी डब्यात न्यावी की पिशवीत?

कडक_भाकरी

बाळा, माणशी दिवसाला दोन धर, म्हणजे छत्तीस, आणि मोडतोडीसाठी चार जास्त. भाकऱ्या स्टीलच्या उभ्या डब्यात, मध्ये कागद घालून. चटणी दोन पिशव्यांत बांधून त्याच डब्याच्या कडेला ठेव, म्हणजे भाकऱ्या हलणार नाहीत.